आजारातून उठल्यावर अमिनो आम्लांचे सप्लिमेंट कसे घ्यावे

ताप उतरला, औषधे थांबली, तरी जिना चढताना पाय लटपटतात, कारण अंथरुणावर पडून काढलेल्या दिवसांत स्नायू झडलेले असतात. ते भरून काढण्यासाठी अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांची, पावडर उपयोगी पडू शकते, पण ती विकत घेण्याआधी ताटातल्या प्रथिनांचा हिशेब मांडावा.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. आजारातून सावरणाऱ्या ज्येष्ठांसाठी मात्र साधारणपणे १.२ ते १.५ ग्रॅमची शिफारस केली जाते, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला ७२ ते ९० ग्रॅम. दूध, अंडी, मासे, डाळी यांतून एवढे मिळत असेल, तर पावडरीवर खर्च करण्याचे कारण उरत नाही. भूक मेलेली असेल आणि चार घासांतच पोट भरत असेल, तरच पुढे जावे.

डबा निवडताना मागचे लेबल नीट वाचावे. शरीराला स्वतः तयार न करता येणारी अमिनो आम्ले नऊ आहेत. ‘बीसीएए’ नावाने खपणाऱ्या डब्यात त्यांपैकी फक्त ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही तीनच असतात. ल्युसीन स्नायूबांधणीला चालना देते हे खरे, पण उरलेली सहा नसतील तर बांधायला मालच नसतो. म्हणून नऊच्या नऊ असलेले ‘ईएए’ किंवा दुधापासून बनणारी साधी व्हे प्रोटीन पावडर घेणे अधिक शहाणपणाचे. प्रत्येक घटकाचे प्रमाण न छापता नुसते ‘खास मिश्रण’ लिहिलेला डबा सरळ बाजूला ठेवावा.

मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना त्या नऊंपैकी फेनिलअॅलॅनिन घातक ठरते. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा घेणाऱ्यांनी वेळेचे अंतर डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे, कारण अमिनो आम्ले त्या औषधाच्या शोषणात अडथळा आणतात. नैराश्यावरील गोळ्या चालू असताना ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे वेगळे सप्लिमेंट स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

सुरुवात लेबलवरील मात्रेच्या निम्म्याने करावी; मळमळ किंवा जुलाब झाले नाहीत तर ती हळूहळू वाढवावी. डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिली असेल, तर खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे यासारखा हलका व्यायाम रोज करावा, कारण स्नायूंवर ताण पडला नाही तर पावडरीचा फारसा उपयोग होत नाही. जेवण पूर्ववत होऊन प्रथिनांचा हिशेब ताटातूनच जुळू लागला, की डबा बंद करावा.