सुपरनोव्हा अवशेषातल्या तरुण न्यूट्रॉन ताऱ्यांवर काम सुरू करताना

कॅसिओपिया ए या सुपरनोव्हा अवशेषाच्या (स्फोट झालेल्या ताऱ्याच्या पसरत्या वायूच्या) मध्याजवळचा ठिपका १९९९ साली चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या अगदी सुरुवातीच्या चित्रात दिसला. जेमतेम साडेतीनशे वर्षांचा हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. नवख्याने इथूनच सुरुवात करावी: डेटा अर्काइव्हमध्ये खुला आहे, तारा नजरेने ओळखता येतो, आणि या कामातले बहुतेक खड्डे इथेच भेटतात.

आधी चाओ हे चंद्राच्या डेटाचे सॉफ्टवेअर बसवून त्यातली चंद्रा-रिप्रो ही आज्ञा चालवा, म्हणजे ताजे कॅलिब्रेशन लागेल. मग ताऱ्याभोवती सुमारे २ आर्कसेकंद त्रिज्येचे वर्तुळ घ्या आणि त्याला जवळजवळ लागूनच पार्श्वभूमीसाठी कडे आखा. दूरचे रिकामे आकाश पार्श्वभूमी म्हणून घेऊ नये, कारण अवशेषातला तप्त वायू ताऱ्याच्या समोर आणि मागेही पसरलेला असतो. वर्तुळातल्या स्पेक्ट्रमवर (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन, त्या आलेखावर) मॉडेल फिट केल्यावर १.८५ आणि २.४५ केईव्हीपाशी (केईव्ही हे फोटॉनच्या ऊर्जेचे एकक) उंचवटे उरले तर ते सिलिकॉन आणि गंधकाचे, म्हणजे वायूचेच. मॉडेलला हात न लावता कडे बदला.

यानंतर पाइलअप, म्हणजे फोटॉनांची गर्दी, तपासा, आणि इथे घाई अजिबात नको. चंद्राचा एसीआयएस कॅमेरा पूर्ण फ्रेम ३.२ सेकंदांनी वाचतो. तेवढ्या वेळात दोन फोटॉन एकाच जागी पडले की त्यांची बेरीज एकच फोटॉन म्हणून नोंदते: मोजणी घटते, स्पेक्ट्रम खोटाच कडक, म्हणजे जास्त ऊर्जेकडे झुकलेला, दिसतो. शिवाय कॅमेऱ्याच्या फिल्टरवर वर्षानुवर्षे थर साचत गेल्याने कमी ऊर्जेचे फोटॉन अडतात. २०१० साली हा तारा दशकभरात सुमारे ४ टक्के थंड झाल्याचे जाहीर झाले आणि गाभ्यातल्या अतिद्रव (घर्षणाविना वाहणाऱ्या) न्यूट्रॉनांपर्यंत चर्चा गेली. पाइलअप टाळणाऱ्या, कमी फ्रेम-वेळेच्या निरीक्षणांवर २०१३ साली झालेल्या विश्लेषणात मात्र ही घट बरीच कमी निघाली. म्हणून वेगवेगळ्या वर्षांची तुलना करायची तर कॅमेऱ्याचा मोड एकच हवा. हा नियम आम्ही मॉडेलच्या निवडीपेक्षाही वरचा मानतो.

मॉडेलचे म्हणाल तर साधे कृष्णवस्तू मॉडेल (फक्त तापमानावर ठरणारे उत्सर्जन) एक्सस्पेक या फिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये छान बसते, पण त्रिज्या किलोमीटरच्या आसपास देते. हायड्रोजनचे वातावरण धरले तर ४-५ किलोमीटर. कार्बनचे वातावरण धरल्यावरच त्रिज्या १० किलोमीटरच्या पुढे, न्यूट्रॉन ताऱ्याला शोभेल अशी येते. २००९ साली हेच सुचवले गेले. काय-वर्ग (मॉडेल डेटाशी किती जुळते त्याचे माप) चांगला आला एवढ्यावर थांबू नका, त्रिज्या आणि अंतर (इथे ३.४ किलोपार्सेक) जुळते का ते पाहा.

ताऱ्याच्या फिरण्यामुळे प्रकाशात होणारी नियमित चढउतार, म्हणजे स्पंदने, शोधायला चंद्राचा नेहमीचा मोड निरुपयोगी. एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीचा पीएन कॅमेरा घ्यावा, पण त्याचीही पूर्ण फ्रेम ७३ मिलिसेकंदांची, म्हणजे १४६ मिलिसेकंदांहून लहान आवर्तकाळ त्यात खरा दिसत नाही. केस ७९ या दुसऱ्या अवशेषातल्या ताऱ्याचा आवर्तकाळ १०५ मिलिसेकंदांचा, पपिस ए या अवशेषातल्याचा ११२ चा. स्मॉल विंडो मोडमध्ये (कॅमेऱ्याचा छोटा भागच वाचला जातो) फ्रेम ६ मिलिसेकंदांवर येते. त्याबदल्यात सुमारे २९ टक्के वेळ वाया जातो. तो जाऊ द्यावा.

आधी प्रोटॉनच्या उसळ्यांचा (अवकाशातले प्रोटॉन कॅमेऱ्यावर आदळून पार्श्वभूमी अचानक वाढते तो) काळ वगळा, मग वेळा सौरमालेच्या वस्तुमानकेंद्राला आणा. ताऱ्याचे स्थान चंद्राच्या चित्रातून घ्या; १ आर्कसेकंदाच्या चुकीने वर्षभरात अडीच मिलिसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो. ५०,००० सेकंदांच्या निरीक्षणात ८० हर्ट्झपर्यंत शोधायचे तर सुमारे ४० लाख स्वतंत्र वारंवारिता तपासल्या जातात. शिखर निव्वळ योगायोगाने येण्याच्या संभाव्यतेला त्या संख्येने गुणल्याशिवाय शिखर सापडले म्हणू नये.

शोध ऊर्जेचे पट्टे पाडूनच करा. पपिस ए मध्ये १.२ केईव्हीच्या खालची आणि वरची स्पंदने नेमकी उलट कलेत आहेत; सगळे फोटॉन एकत्र घेतले की ती एकमेकांना पुसतात. २००१ च्या डेटात ती होती, सापडली २००९ साली. प्रत्येक पट्ट्यागणिक चाचण्यांची संख्या वाढते, हे हिशेबात धरा.

मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेली, अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण या विशिष्ट कामाला चालत नाही, कारण तिच्या चित्रात तारा आणि अवशेष मिसळून जातात. पुण्या-मुंबईत प्रकल्प निवडताना मार्गदर्शकांशी हे आधीच बोलून घ्यावे.