घरून काम करताना काय नेसावे, काय घालावे: बेळगावच्या हवेचा आणि बैठकीचा विचार

घरून काम करणाऱ्याने कपड्यांचा विचार बसण्यापासून सुरू करावा. कॅमेरा त्यानंतर येतो. नोकरी पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीत आणि बैठक मात्र टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये, निपाणीच्या माडीवर नाहीतर खानापूरच्या कौलारू घरात, अशी मंडळी २०२० नंतर सीमाभागात पुष्कळ झाली आहेत. त्यांतले बहुतेक जण दोन टोके गाठतात. काही जण ऑफिसचेच इस्त्रीचे शर्ट-पँट घरात घालून दिवसभर अवघडून बसतात, तर काही जण रात्री झोपलेल्या कपड्यांतच लॅपटॉप उघडतात आणि कॉल आला की वरून शर्ट चढवतात. या दोहोंच्या मधला कपडा बाजारात तयार मिळणे अवघड असले, तरी आपल्याकडे तो शिवून घेणे सोपे आहे, आणि माझ्या मते शिवून घेणे हाच खरा मार्ग आहे.

तयार पँट उभ्या माणसासाठी बेतलेली असते. माणूस बसला की पोटाचा घेर वाढतो, मांडीवर कापड ताणते, गुडघ्याच्या मागे आवळते आणि पाठीकडून कंबर खाली सरकते. तासाभराच्या बैठकीत हे जाणवत नाही. सात-आठ तासांनी कंबरेवर पट्ट्याचा वळ उठतो आणि मग माणूस खुर्चीत कसाही घसरून बसू लागतो. म्हणून दुकानात कपडा घालून पाहताना आरशासमोर उभे राहण्यापेक्षा तिथल्या स्टुलावर बसावे, दोन्ही हात टाइप करतो तसे पुढे धरावेत, थोडे वाकावे आणि पाच मिनिटे तसेच राहावे. दुकानदार पाहतो तर पाहू दे. बसलेल्या स्थितीत कंबरेत दोन बोटे सहज गेली पाहिजेत, हात पुढे केल्यावर पाठीत कापड ताणू नये आणि काखेत शिलाई टोचू नये. या परीक्षेत न उतरलेला कपडा कितीही देखणा असला तरी तो लग्नाकार्याला ठेवावा.

कापडाची पारख त्यानंतर. दिवसभर अंगावर राहणारे कापड घाम टिपणारे हवे, म्हणजे सुती, खादी, लिनन किंवा रेयॉन. 'प्युअर कॉटन' असे तोंडी सांगून विकलेले कापड प्रत्यक्षात मिश्र निघणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. तेव्हा घरी आल्यावर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देत जळतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून आखडतो आणि टोकाला कडक मणी उरतो. रेयॉनही कागदासारखेच जळते, म्हणून त्याची वेगळी खूण लक्षात ठेवावी: धागा पाण्यात भिजवून ओढला तर रेयॉन पटकन तुटते, सूत मात्र ओले झाल्यावरही दम धरते. रेयॉन अंगाला थंड आणि झुळझुळीत लागते हे खरे. पण ते पिळून झटकू नये आणि जड ओले वस्त्र एका टोकाने टांगू नये, नाहीतर दोन-तीन महिन्यांत त्याचा आकार बिघडतो.

आपल्याकडचा खरा प्रश्न पावसाळ्याचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या लगत वसलेले आहे; जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत झड लागली की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, आणि जाड जीन्स तिसऱ्या दिवशीही कंबरेच्या दुमडीत ओलीच असते. खानापूर तालुक्यात, विशेषतः जंगलाकडच्या गावांत, याहून कठीण स्थिती. उलट अथणी-रायबागकडे पाऊस इतका कमी की तिथल्या माणसाला ही अडचण सांगूनही पटायची नाही. त्यामुळे कपड्यांचे किती जोड असावेत हे आपल्या हौसेवर ठरत नाही, दोरीवर ठरते. कपडा वाळायला दोन दिवस लागतात असे धरले आणि एक दिवसाआड धुणे काढले, तर वरचे पाच आणि खालचे तीन कपडे पुरतात. खानापूरकरांनी त्यात दोन-दोन वाढवावेत, अथणीकरांनी एकेक कमी केला तरी चालेल. पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते मी शुद्ध सुताचा आग्रह सोडतो. साठ टक्के सूत आणि चाळीस टक्के पॉलिएस्टरचे पातळ कापड लवकर वाळते, चुरगळत नाही आणि त्या गारव्यात फारसे उकडतही नाही. अर्धवट वाळलेला कपडा घडी घालून कपाटात ठेवणे मात्र सर्वांत वाईट, कारण कुबट वास तिथेच धरतो आणि मग कितीही अत्तर मारले तरी तो अंगाच्या उबेने पुन्हा वर येतो. असा कपडा गरम पाण्यात परत धुवावा, इस्त्रीने त्याची ओल काढावी, तासभर पंख्याखाली टांगावा आणि नंतरच घडी घालावी.

हिवाळ्यात सकाळी घरात, विशेषतः कौलारू घरात, चांगलाच गारठा असतो. पण दुपारी ऊन तापते, म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ कुर्त्यावर बंडी हा जोड अधिक सोयीचा. बंडीने छाती-पाठ झाकली जाते आणि हात मोकळे राहतात. स्वेटरची जाड बाही टेबलाच्या कडेला घासत राहते, ती कटकट यात नाही. बंडीसाठी खादी घ्यावी. बेळगाव तालुक्यातले हुदली हे गाव खादीसाठी ओळखले जाते. १९३७ मध्ये गांधीजी तिथे मुक्कामाला होते. हातमागाची खादी नवी असताना कडक लागते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते, म्हणून नव्या खादीला पहिल्या दिवशीच नावे ठेवू नयेत. पावसाळ्यात मात्र ती गुंडाळून ठेवावी, कारण जाड खादी सावकाश वाळते.

आता शिवण्याविषयी, कारण सगळे गणित तिथेच जुळते. बेळगाव हे मुळात कापडाचे गाव. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत विणकरांची वस्ती आहे, आजही काही गल्ल्यांतून जाताना मागांची खटखट ऐकू येते, आणि खडेबाजारात तागे आणि कटपीस दोन्ही मिळतात. कापड घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात मध्यम बांध्याच्या माणसाचा गुडघ्यापर्यंतचा, पूर्ण बाहीचा कुर्ता अडीच मीटरमध्ये बसतो. ३६ इंच पन्हा असेल तर तेवढे पुरत नाही. शिवायला टाकण्यापूर्वी सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवावे. ते पहिल्या धुण्यात आटते, आणि शिवल्यानंतर आटले तर बाही मनगटाच्या वर जाते आणि मुंढा, म्हणजे बाही जोडण्याचा घेर, काखेत काचतो.

शिंप्याकडे 'जरा सैल ठेवा' एवढेच सांगून भागत नाही, कारण सैल म्हणजे तो सगळीकडे सारखाच घेर वाढवतो आणि कपडा पोत्यासारखा लोंबतो. मापे देताना कंबरेचे माप उभ्याने आणि बसून असे दोन्ही द्यावे. पायजमा किंवा पँट असेल तर स्पष्ट सांगावे, 'मामा, पुढे सपाट पट्टी ठेवा, मागच्या अर्ध्या नेफ्यात इलास्टिक घाला आणि आतून नाडीही असू दे.' पुढची पट्टी सपाट असली की उभे राहिल्यावर ती पँटच दिसते, मागच्या इलास्टिकमुळे बसल्यावर जागा मिळते आणि इलास्टिक सैल पडले तरी नाडी वेळ मारून नेते. मागचा खिसा काढून टाकावा, त्यावर बसायचेच आहे. बाजूचा खिसा मात्र मोबाइल मावेल एवढा खोल हवा. कुर्त्याचा किंवा शर्टचा मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच मोठा ठेवावा. बाही पाऊण ठेवली तर कफ टेबलावर घासत नाही आणि हात धुताना ती वर सारावी लागत नाही. शिवणीत दोन्ही बाजूंनी माया, म्हणजे आत दुमडलेले जास्तीचे कापड, ठेवायला सांगावे. घरून काम करताना अंगावर थोडे मांस चढते, हे सर्वांना ठाऊक आहे.

नीटनेटकेपणा यावा यासाठी सगळा कपडा भारी असण्याची गरज नसते. कॅमेऱ्यात छातीपासून वरचा भाग दिसतो, तेव्हा नक्षी, काठ, रंग जे काय करायचे ते गळ्याशी करावे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण आपल्याकडे चोळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. अख्खा कुर्ता खणाचा शिवला तर तो ताठ राहतो आणि दिवसभर अंगावर नकोसा होतो. पण साध्या मऊ सुती कुर्त्याला फक्त पुढच्या पट्टीला आणि कॉलरला खण लावला तर एका चोळीच्या तुकड्यात दोन कुर्ते सजतात. तीच गोष्ट जुन्या इरकलीची. पदर विरला तरी काठ शाबूत असतात, ते उसवून बंडीच्या कडांना लावावेत. फक्त मूळ कापड आणि लावलेला तुकडा दोन्ही आधी भिजवून घ्यावेत आणि रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात फिक्या कुर्त्यावर खणाचा लाल रंग उतरतो. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो या घरगुती समजुतीवर विसंबून राहू नये.

कॅमेऱ्याच्या काही खोडी ठाऊक असाव्यात. बारीक रेघा आणि बारीक चौकडा पडद्यावर लाटांसारखा हलत राहतो आणि समोरच्याचे डोळे दुखतात. पांढराशुभ्र शर्ट घातला की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. गर्द काळ्या कपड्याने उलटे होते, चेहरा फिकट पडतो आणि कपड्याच्या चुण्या-घड्या दिसेनाशा होऊन नुसता डाग उरतो. विटकरी, मोरपंखी, वांगी, गडद निळा असे भरीव रंग बहुतेकांना शोभतात. मागची भिंत पोपटी किंवा आकाशी असेल, आणि आपल्याकडे ती पुष्कळदा असतेच, तर त्याच रंगाचा कपडा टाळावा. जर आणि रेशीम खिडकीच्या उजेडात चमकते. पाठीमागे संगणकाने बनवलेला देखावा लावण्याची सवय असेल तर ओढणी किंवा स्टोल सैल सोडू नये, त्याची टोके मधूनमधून अदृश्य होतात. आणि काचेच्या बांगड्या: त्या लॅपटॉपच्या कडेवर आपटतात आणि माइक अगदी तिथेच असतो, त्यामुळे समोरच्याला बोलण्यापेक्षा किणकिणच अधिक ऐकू येते. काढायच्या नसतील तर निदान मीटिंगपुरत्या कोपराकडे सरकवून बाहीत अडकवाव्यात.

वर शर्ट आणि खाली बर्म्युडा या प्रकाराची सगळेच थट्टा करतात. मला त्यात गैर काही दिसत नाही, फक्त तो मोठ्या शहरातल्या बंद दाराच्या फ्लॅटला जमतो. आपल्याकडे दार दिवसभर उघडे असते. कुरियरवाला येतो, शेजारच्या काकू हळदीकुंकवाचे बोलावणे घेऊन थेट आत येतात, आणि मीटिंगच्या मध्येच वीज गेली की राउटरपर्यंत सगळ्यांच्या देखत उठून जावे लागते. ज्या कपड्यात पुढच्या खोलीत उभे राहताना संकोच वाटत नाही तोच कामाला बसण्याचा कपडा समजावा. गाऊनच्या बाबतीतही माझे हेच मत आहे. गाऊनवर ओढणी घेऊन कॉलला बसण्यापेक्षा त्याच मऊ कापडाचा, पुढे बटणपट्टी आणि छोटी उभी कॉलर असलेला लांब कुर्ता शिवला तर सुख गाऊनचेच मिळते आणि ओढणी सावरत बसावे लागत नाही. साडीचीच सवय असेल तर दिवसभराच्या बैठकीला नरम सुती साडी चांगली. परकराची नाडी करकचून बांधण्याऐवजी रुंद पट्टीचा परकर वापरला तर कंबरेवर वळ उठत नाही.

स्वयंपाकाचे आणि कामाचे कपडे मात्र एक ठेवू नयेत. फोडणीचा वास आणि हळदीचा डाग यांपुढे चांगल्या कापडाचा निभाव लागत नाही. कामाचा जोड खुंटीवर निराळा असावा, बसण्यापूर्वी चढवावा आणि काम संपले की उतरवावा.

पायांकडे सहसा कोणी पाहत नाही. शहाबादी किंवा कडप्प्याची फरशी पावसाळ्यात आणि थंडीत गार असते, आणि पाय तासन्‌तास खाली सोडून बसल्याने घोट्याशी सूजही येते. म्हणून मोज्याची पट्टी सैल हवी. काढल्यावर पोटरीवर खोल वळ राहत असेल तर तो मोजा बदलावा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातलेही चार जिल्हे त्यात होते, आणि अथणी-निपाणीकडचे कारागीर ती आजही हाताने बनवतात. घरात कोरड्या दिवसांत घालायला ती उत्तम. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. तेव्हा ती पुसून, कागदात गुंडाळून वर ठेवावी आणि घरात साधी कापडी किंवा रबरी सपाता वापरावी.

हे सगळे एकदम करू नये. आधी कुर्त्याचा आणि पँटचा एकच जोड शिवून घ्यावा, आठवडाभर कामाला घालावा, दोनदा धुवावा आणि कुठे काचते, कुठे लोंबते, कुठली शिवण टोचते ते कागदावर लिहून ठेवावे. मग तो कागद आणि तोच जोड शिंप्यासमोर ठेवून मापात दुरुस्ती करून घ्यावी, आणि बाकीचे तागे त्यानंतरच फाडायला सांगावेत. गणपतीच्या आधीचे दोन आठवडे सोडून जावे. त्या दिवसांत कोणताच शिंपी मापाविषयी बोलायला रिकामा नसतो.