लोणार नीट पाहायचं तर : एका मुक्कामाचा बेत

लोणारला येणाऱ्या बहुतेक गाड्या दुपारी पोहोचतात. उल्का आदळून झालेल्या विवरातल्या खाऱ्या सरोवराचे काठावरून चार फोटो, गोमुखाच्या धारेखाली हात-पाय ओले, वरच्या टपरीवर चहा, आणि तासा-दीड तासात परतीची वाट. एवढंच करायचं असेल तर बुलढाणा जिल्ह्याच्या या कोपऱ्यापर्यंत यायची तसदी कशाला घ्यावी? एक रात्र मुक्काम ठेवा. आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचा, दुसरा अख्खा दिवस हाताशी ठेवा. सरोवराच्या काठाजवळ एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान आहे, गावात लॉजही आहेत. नवरात्रात सरोवराकाठच्या कमळजा देवीची यात्रा असते, तेव्हा खोली आधी ठरवल्याशिवाय निघू नका.

छत्रपती संभाजीनगरहून जालना–सिंदखेडराजा मार्गे साधारण दीडशे किलोमीटर पडतं. नागपूरकडून समृद्धी महामार्गानं आलात तर मेहकरला उतरा, पुढे पाऊण तास पुरतो. रेल्वेनं यायचं तर जालना सोयीचं, तिथून एसटी किंवा गाडी. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात विवर हिरवंगार दिसतं हे खरं, पण उतारावरची माती आणि शेवाळलेले दगड पाय टिकू देत नाहीत. एप्रिल-मेमध्ये खाली वारा कोंडतो आणि चढताना जीव अर्धा होतो.

पाहायचा क्रम पाण्याच्या मागोमाग ठेवा. वरून खाली गोड पाणी उतरतं आणि तळाशी खारं होतं. गावातली देवळं, दंतकथा, जुना व्यापार, सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

सकाळी उजाडताच धारेवर जा. विवराच्या कडेतून फुटलेला हा झरा गोमुखातून पडतो, उन्हाळ्यातही आटत नाही. भाविक इथे स्नान करतात, त्यामुळे कॅमेरा जपून वापरा आणि धारेखाली साबण लावू नका, कारण तेच पाणी पुढे सरोवरात जातं. परिसरातली छोटी देवळं पाहून इथूनच पायऱ्यांनी खाली उतरायला लागा. वनखात्याची प्रवेशाची वेळ आणि सध्या कुठली वाट खुली आहे हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. हे अभयारण्य आहे, वाटा मधूनमधून बंद असतात.

खाली काही विकत मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी, थोडा गूळ-शेंगदाणा, पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. वेड्या बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात. उतरायला अर्धा-पाऊण तास, चढायला तास धरा. स्थानिक वाटाड्या घ्याच: आतली देवळं झाडीत विखुरलेली आहेत आणि पाऊलवाटा दर पावसाळ्यानंतर बदलतात.

उतरताना खडकाकडे लक्ष द्या. दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, इतरत्र आडव्या थरांत दिसतो, घाटातल्या कड्यांवर त्या पायऱ्या स्पष्ट ओळखू येतात. इथे काठाजवळचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, कारण आघातानं ते आतून वर उचलले गेले. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, खोली साधारण दीडशे मीटर. 1823 मध्ये जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं याची नोंद केली, पण पुढे दीडशे वर्षं हे ज्वालामुखीचं तोंड की उल्कापात, हा वाद चालू राहिला. 1970 च्या दशकात विवराच्या तळातून काढलेल्या खडकांत प्रचंड दाबानं काचेसारखं झालेलं खनिज सापडलं, आणि निकाल उल्केच्या बाजूनं लागला. वय मात्र फलकांवर बहुतेक ठिकाणी 50,000 वर्षं लिहिलेलं आढळेल. 2010 मध्ये आर्गॉन पद्धतीनं, म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून, काढलेलं वय सुमारे 5,70,000 वर्षं येतं. दगड उचलून खिशात घालू नका, हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे.

तळाशी आधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा. चिखलात कुजणाऱ्या सेंद्रिय गाळातून सुटणारा तो वायू आहे. पाण्याला बाहेर जायला वाट नाही, झरे आणि पाऊस आत येत राहतात, ऊन पाणी उडवतं आणि क्षार मागे उरतात. म्हणून पाणी खारट तर आहेच, शिवाय कडक अल्कधर्मी, म्हणजे सोड्याच्या पाण्यासारखं आहे. डोळ्यांना लावू नका, पोहायचा विचारही नको.

मुलं बरोबर असतील तर घरूनच हळदीचा कागद करून न्या. एक चमचा हळद दोन-तीन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ बसू द्या, वरचा पिवळा द्रव टिपकागदाला लावून सावलीत वाळवा आणि बोटभर पट्ट्या कापा. धारेच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहते, सरोवराच्या पाण्यात तांबडी होते. कुंकू करताना टाकणखारानं हळदीचं जे होतं, तेच हे. रंग बदलला नाही तर बहुधा तुम्ही झऱ्याच्या मुखाजवळचं पाणी घेतलंय, थोडं पुढे जा. पाणी बाटलीच्या झाकणात घ्या, हळद सरोवरात टाकू नका, पट्ट्या परत आणा.

पाण्याचा रंग एरवी हिरवट, तो सूक्ष्म शैवालाचा. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं ते पाणी घटून खारटपणा वाढल्यानं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. तो रंग पाहायला म्हणून येऊ नका, निराश व्हाल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर पाणथळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं.

पाण्याकाठची पूर्ण फेरी चारेक किलोमीटरची, पण ती हट्टानं करू नका. वरून कोरडा दिसणारा चिखल घोट्यापर्यंत आत ओढतो. कमळजेच्या देवळापर्यंत जाऊन परत फिरणं पुरे. जवळच सासू-सुनेची विहीर आहे: एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं असं सांगतात. झरा आणि सरोवर दोन्ही हाताच्या अंतरावर असल्यावर ते अशक्य नाही. पाणी चढलेल्या वर्षी मात्र हा भाग बुडालेला असतो, तेव्हा वाटाड्यानं नको म्हटलं तर ऐका.

हे खार एकेकाळी गावाचं उत्पन्न होतं. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यावर महसूल येतो, असा उल्लेख अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरीत आहे.

अकराच्या आत वर या, पोहे किंवा पिठलं-भाकरी खा आणि दुपारच्या उन्हात गावातलं दैत्यसूदन मंदिर गाठा. विष्णूनं लोणासुराला इथे मारलं, सरोवराचं पाणी म्हणजे त्या दैत्याचं रक्त, अशी कथा आहे. क्षारांच्या गावाला दैत्यही लवणाचाच मिळावा, हे पूर्वजांनी बरोबर जुळवलं! मंदिर बाराव्या शतकाच्या आसपासचं, तारकाकृती तलविन्यासाचं, म्हणजे पायाचा आराखडा चांदणीसारखा असलेलं. बाहेरून डावीकडून सुरू करून पूर्ण प्रदक्षिणा घाला, भिंतीचा प्रत्येक कोन नवी मूर्ती पुढे आणतो. मग आत जा. आत अंधार असतो, आणि बहुतेक लोक छताकडे न पाहताच बाहेर पडतात. मोबाइलचा उजेड पुरत नाही, बॅटरी न्या आणि प्रकाश तिरका टाका, म्हणजे कोरीवकामाला उठाव येतो. सरळ टाकलात तर सगळं सपाट दिसेल. यासाठी तासभर ठेवा. जवळची लिंबी बारव वीस मिनिटांत होते.

उरलेल्या वेळात मोठा मारुती. झोपलेल्या मारुतीची ही शिळा उल्केचा तुकडा असल्याचं ठासून सांगतात आणि होकायंत्राची सुई हलवून दाखवतात. सुई हलणं हा पुरावा नव्हे, बेसॉल्टात मुळातच चुंबकीय खनिज असतं. शेजारचं अंबर तळं उल्केच्या छोट्या तुकड्यानं झालं, हाही तर्कच.

फोटोंसाठी गावाकडचा काठ सकाळी चांगला, सूर्य पाठीशी असतो. संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी पश्चिमेच्या कड्याची सावली पाण्यावर येते, तेव्हा साडेचारपर्यंत काम उरका.

परतताना जालन्याच्या वाटेवर सिंदखेडराजा लागतं. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, पाहायला दोन तास ठेवा. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीची मोठी गर्दी असते. त्या दिवशी गाडी असेल तर मेहकरवरून जा आणि वाटेत शारंगधर बालाजीचं दर्शन घ्या.