बुरशी कुंच्याने झाडताय? पावसाळ्यातल्या या चुका टाळा

पावसाळा अर्ध्यावर आला की मुंबई-कोकणातल्या घरांत भिंतींवर काळे ठिपके उमटतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव येते. मग आपण कुंचा घेतो आणि खसाखसा झाडतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

बुरशीचे बीजाणू बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). झाडले की ते पंख्याच्या वाऱ्यावर घरभर फिरतात. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीच्या काही जातींचे तर २-३ मायक्रॉनचे, म्हणजे श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोलवर जाणारे. म्हणून आधी पंखा बंद, खोलीचं दार बंद, तोंडाला एन-९५ मास्क. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं आणि भिंत कोरडी करायची. घरात कुणाला दमा असेल तर तेवढा वेळ त्यांना बाहेर पाठवा. कुबट झालेली गादी मात्र पुसून सुधारत नाही. जीव तुटला तरी काढून टाका.

ब्लीच मारलं की डाग जातो, म्हणून बुरशीही गेली असं वाटतं. पण मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होतेच, आणि प्लास्टरच्या आत मुरलेली बुरशी तशीच राहते. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड तर चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

खिशाला सगळ्यात जड पडणारी चूक म्हणजे ओल तशीच ठेवून वरून रंग. दिवाळीला भिंत चकचकीत, पुढच्या आषाढात पापुद्रे! ओल कुठून येते ते आधी शोधा. भिंत पुसून कोरडी करा, हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. भिंतीतली ओल फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भेग बघा. बारा महिने असेल तर नळाची पाइप, नाहीतर वरच्या मजल्यावरची मोरी. (तिथे सोसायटीच्या मीटिंगची तयारी ठेवा.)

दमट हवेचा दोष बहुधा आपलाच. बाहेर धो धो पाऊस असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या सताड उघडल्या की बाष्पच आत येतं. त्यात झोपायच्या खोलीत दोरीवर ओले कपडे! काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या आणि आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. एसी असेल तर ‘ड्राय’ मोड लावा. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. डांबरगोळ्यांवर विसंबू नका, त्या ओल शोषत नाहीत.

एसी सुरू करताच कुबट वास येतो? जाळी धुवा, पाणी जाणारी नळी तुंबलीय का बघा, आणि बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं नुसता ‘फॅन’ चालवा, म्हणजे आतली कॉइल सुकते.