ब्रास म्हणजे नेमके किती? एआय एजंटसाठी टूलची माहिती लिहिताना

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन चार वर्षे पुण्याच्या आसपासच्या साइटवर काढल्यानंतर मी बांधकाम-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीत तांत्रिक लेखनाच्या कामावर रुजू झाले. सुरुवातीला मी माणसांसाठी मार्गदर्शिका लिहीत असे. गेले वर्षभर मात्र माझा वाचक माणूस नाही. इंडेंट म्हणजे साहित्याची मागणी काढणे, रोजचा डीपीआर (दैनंदिन प्रगती अहवाल) भरणे, आरए बिल (चालू कामाचे टप्प्याटप्प्याने निघणारे बिल) कुठे अडले आहे ते पाहणे ही कामे आमच्याकडे एआय एजंट, म्हणजे निरोप वाचून प्रणालीत स्वतः काम करणारा एआय प्रोग्राम, करू लागला आहे आणि त्यातले प्रत्येक काम त्याच्यापुढे एक टूल, म्हणजे त्याला वापरता येईल अशी सोय, म्हणून मांडावे लागते. या कामात नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

एआयला बाहेरच्या प्रणालींशी जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आम्ही वापरतो. त्यात टूलविषयी एजंटला मुख्यतः तीन गोष्टी कळतात : टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची हे सांगणारी जेसन स्कीमा. पडद्यावरचे लाल बटण किंवा रकान्याशेजारची बारीक अक्षरांतली सूचना त्याला दिसत नाही. शिवाय माणूस अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंट बहुतेक वेळा अंदाज बांधून मोकळा होतो.

आमच्या इंडेंटच्या टूलचे पहिले वर्णन मीच लिहिले होते : ‘साहित्याची मागणी नोंदवते.’ परिमाणाच्या रकान्यापुढे ‘मागणीचे परिमाण, संख्येत’ एवढेच होते. चाचणीसाठी निवडलेल्या साइटवरून अभियंत्याने ‘वीस एमएम खडी १२ ब्रास’ असा निरोप दिला, एजंटने १२ हा आकडा तेवढा उचलला आणि प्रणालीतले मूळ एकक घनमीटर असल्यामुळे मागणी १२ घनमीटरची नोंदली गेली. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर, त्यामुळे साइटवर जी खडी येऊन पडली ती जेमतेम सव्वाचार ब्रास होती. स्टोअरकीपरने चलन पाहून फोन केला तोवर दुसऱ्या दिवशीच्या स्लॅबचे सेंटरिंग लागून सळई बांधून झाली होती.

दुरुस्ती करताना एकक हा स्वतंत्र आणि अनिवार्य रकाना करून घेतला, पण त्यात नुसता ‘ब्रास’ हा पर्याय मुद्दाम ठेवला नाही. ‘घनफळाचा ब्रास’ आणि ‘क्षेत्रफळाचा ब्रास’ असे दोन पर्याय दिले, कारण खडी-वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, तर गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फुटांचा असतो. साइटवर हा फरक कोणी बोलून दाखवत नाही. मुकादमापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांना तो ठाऊकच असतो. वर्णनात मला आज सर्वाधिक वेळ लागतो तो अशाच न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी शोधायला.

दुसरा धडा क्यूबच्या, म्हणजे ताकद तपासण्यासाठी ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, निकालांनी दिला. चाचणीचे निकाल आणणारे टूल ताकद आणि चाचणीची तारीख देत असे, क्यूबचे वय देत नसे. एम २५ (२८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीच्या) काँक्रीटचा १७.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हा सात दिवसांचा निकाल एजंटने थेट २५ शी ताडून पाहिला आणि व्यवस्थापकांना ‘काँक्रीट नापास’ असा सारांश पाठवला. वास्तविक सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद अपेक्षित असते आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार स्वीकृती २८ दिवसांच्या निकालांवर ठरते. आता क्यूबचे वय निकालासोबतच येते आणि वर्णनात स्पष्ट वाक्य आहे : ‘हे टूल पास-नापास ठरवत नाही.’ टूल काय करत नाही हे लिहिण्याचा संकोच नवोदितांमध्ये फार दिसतो. उत्पादनाची उणीव उघडी पडेल असे वाटत असावे. मलाही वाटत असे.

तारखांचा प्रश्न तर खास मराठी आहे. ‘परवाचा डीपीआर’ हा होऊन गेलेल्या दिवसाचा आणि ‘परवाचा स्लॅब’ बहुधा येणाऱ्या दिवसाचा. म्हणून तारखेच्या रकान्यात वर्ष-महिना-दिवस हा क्रम बंधनकारक केला आणि ‘परवा’सारखा शब्द आल्यास नोंद करण्यापूर्वी तारीख वाचून दाखवून होकार घ्यावा, असे लिहिले.

साइटवरचे नेटवर्क अर्ध्यावर तुटते, एजंटला उत्तर मिळत नाही आणि तो तीच मागणी पुन्हा पाठवतो. दोनदा पाठवल्यास दोन इंडेंट निघतील की एकच, हे वर्णनात असलेच पाहिजे. चूक दाखवणारा संदेशही तितक्याच काळजीने लिहावा : ‘अवैध विनंती’ वाचून एजंट काहीबाही बदलून पाहत राहतो, तर ‘एकक दिलेले नाही; घनमीटर किंवा घनफळाचा ब्रास निवडा’ हे वाचून तो एका फेरीत सुधारतो.

शिकण्यासाठी महागडा अभ्यासक्रम लागेल असे मला वाटत नाही. जेसन स्कीमा आठवडाभरात वाचता येऊ लागते. स्टोअरमध्ये आणि बिलिंगच्या टेबलापाशी बसून मेजरमेंट बुकात (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या वहीत) नोंद कशी होते, ती कोण तपासते हे पाहायला जास्त दिवस द्यावेत. तिथले खरे निरोप, नावे काढून, जसेच्या तसे जमवावेत आणि वर्णनातला एक शब्द बदलला तरी सगळे पुन्हा एजंटपुढे चालवून पाहावेत. माझ्या संचात असे चाळीस निरोप आहेत. त्यातला पहिला आहे : ‘परवाचे बिल बघून घ्या आणि खडी मागच्याइतकीच सांगा.’ यावर एजंटने बिल कोणते आणि मागची खडी कोणत्या तारखेची, हे दोन प्रश्न विचारले, तरच मी पुढचा निरोप चालवते.