वृद्धाश्रमातील तक्रारींची चौकशी करताना या चुका टाळा

वृद्धाश्रमांतील जेवणाच्या आणि गैरसोयींच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्यांसोबत मी बरीच वर्षे फिरत आहे आणि आता एका प्रकाराचा मला वीट आला आहे. पाहणी सकाळी अकराला सुरू होते, साडेबाराला समिती स्वतःच पंगतीला बसते आणि दोनला ‘भोजन समाधानकारक’ असा शेरा मारून निघते.

या चुकीत मीही सामील होतो. एका आश्रमातून ‘रात्री उपाशी झोपावे लागते’ अशी तक्रार आली होती. आम्ही कळवून, दुपारी गेलो. वरण-भात, मटकीची उसळ, गरम पोळ्या आणि वर शिराही होता, त्यामुळे मी निःशंकपणे सही केली. तीच तक्रार पुन्हा आली, तेव्हा न कळवता संध्याकाळी गेलो. स्वयंपाकीणबाई सहाची एसटी पकडत असत, म्हणून रात्रीचे ताट साडेपाचलाच वाढले जाई आणि पुढे सकाळी आठच्या नाश्त्यापर्यंत, म्हणजे सुमारे साडेचौदा तास, कोणाला काहीही मिळत नसे. इन्सुलिन घेणाऱ्या एका आजींनी उशीजवळच्या डब्यातली अर्धी पोळी दाखवली. मध्यरात्री साखर उतरून घाम फुटला की त्या ती खात. भिंतीवरचा जेवणाचा आठवड्याचा तक्ता आणि भरलेली कोठी दोन्ही खरी होती; खोट होती ती फक्त घड्याळात. तेव्हापासून तक्रार ज्या वेळची, त्याच वेळी जायचे, असा माझा शिरस्ता आहे.

दुसरी चूक म्हणजे व्यवस्थापकांना शेजारी उभे करून ‘आजी, जेवण कसे असते?’ असे विचारणे. ‘छान असते हो’ याशिवाय दुसरे उत्तर त्यांनी द्यावे कसे? आपण गेल्यावर त्यांना तिथेच राहायचे असते. एकांतात बसावे आणि मत न विचारता ‘काल रात्री ताटात काय होते, किती वाजता आले?’ असे विचारावे. घाईच्या नवख्यांना ही अर्ध्या तासाची बैठक जड जाते. मग त्यांनी हे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रारीचे मूळ पत्र व्यवस्थापकांना कधीही दाखवू नये, कारण अक्षर ओळखले जाते.

भिंतीवरचा अन्नपरवाना पाहून समाधान मानू नये. कोठीची नोंदवही हजेरीशी ताडावी. चाळीस जणांच्या दोन्ही वेळांना मिळून दीडच किलो तूरडाळ निघाली असेल, तर वरण चाखायची गरज उरत नाही. वजनाची नोंद असल्यास तीही वाचावी: प्रयत्न न करता महिन्याभरात 5 टक्के वजन घटणे, म्हणजे 50 किलोचे 47.5 होणे, गंभीर असते. मात्र कवळी सैल झाली आहे का, हेही विचारावे, कारण दोष नेहमी स्वयंपाकघराचाच असतो असे नाही.

न्हाणीघराचे फोटो काढून भागत नाही. आधाराचा दांडा स्वतः ओढून पाहावा.

शिळ्या अन्नाचा डबा आपणच प्रयोगशाळेत नेऊ नये. कायदेशीर नमुना अन्न सुरक्षा अधिकारीच घेतात, म्हणून अन्न व औषध प्रशासनाला तत्काळ कळवावे.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालील न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून मिळणाऱ्या निर्वाहखर्चाचे अर्ज ऐकते. आश्रमाची तक्रार तिथे टाकली तर महिने वाया जातात. ती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात द्यावी. ज्येष्ठांना 14567 या हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.

त्या आश्रमात आता जेवण साडेसातला आणि दूध नऊला मिळते, असे मला लेखी कळवले आहे. कागद फाइलला लावला आहे. पुढच्या आठवड्यात रात्री नऊला, न सांगता, मी तिथे जाणार आहे.