घरातच चालणारं स्मार्ट घर: होम असिस्टंटची सुरुवात कशी करावी

बहुतेक स्मार्ट बल्ब कंपनीच्या अ‍ॅपवर चालतात. बटण दाबलं की निरोप कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत आपल्याच खोलीत येतो. कंपनीने ती सेवा बंद केली, तर चांगलं उपकरणही निरुपयोगी होऊ शकतं. म्हणून घराचा मेंदू घरातच असावा, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं आणि सगळी स्मार्ट उपकरणं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर लागतं. ओपनहॅब, डोमोटिक्झ हे पर्याय आहेत, पण नवख्याने होम असिस्टंटच घ्यावं. पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन ही ना-नफा संस्था सांभाळते.

पायरी १: सामान

रास्पबेरी पाय ४ किंवा ५ (हा तळहाताएवढा कॉम्प्युटर; पुढे नुसतं 'पाय' म्हणते), त्याच मॉडेलसाठीचा अ‍ॅडॅप्टर, किमान ३२ जीबीचं चांगलं एसडी कार्ड आणि लॅन केबल. अ‍ॅडॅप्टरमध्ये काटकसर करू नका. वीज कमी पडली की कारण सापडणार नाही असे बिघाड होतात. जुना लॅपटॉपही चालतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जाईल.

पायरी २: इन्स्टॉल करणं

आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरला एसडी कार्ड लावा, त्यावर रास्पबेरी पाय इमेजर हे कार्ड तयार करणारं सॉफ्टवेअर उघडा, आपलं मॉडेल निवडा, यादीतून होम असिस्टंट निवडून कार्डवर लिहा. कार्ड पायमध्ये घाला, लॅन केबल राउटरला जोडा, मग वीज द्या. काही मिनिटांनी त्याच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये 'होमअसिस्टंट डॉट लोकल' हा पत्ता इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता टाका आणि पुढे कोलन देऊन ८१२३. पान उघडलं नाही, तर राउटरवर जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून पायचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) शोधा आणि तोच वापरा. हा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा.

खातं तयार करताना घराचं ठिकाण नीट भरा. सूर्यास्ताची वेळ त्यावरूनच काढली जाते. सापडलेल्या उपकरणांची यादी दिसेल. सगळी एकदम जोडू नका.

पायरी ३: झिगबी

हालचाल वगैरे ओळखणाऱ्या सेन्सरसाठी झिगबी हे बिनतारी तंत्र उत्तम: वीज कमी लागते आणि इंटरनेट लागत नाही. झिगबी उपकरणांशी बोलणारा, यूएसबीला लावायचा एक छोटा डोंगल घ्या. तो पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचू नका. त्या पोर्टजवळ २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, आणि झिगबी त्याच पट्ट्यात बोलतं. एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल दूर ठेवा. सेन्सर वारंवार गायब होत असेल, तर मी सगळ्यात आधी हेच तपासते.

दुसरी अडचण वाय-फायची. दोघांच्या चॅनलचे आकडे वेगवेगळ्या हिशोबाने चालतात. वाय-फाय १, ६ किंवा ११ वर असेल, तर झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनल त्यांच्या फटींत बसतात. चॅनल आधीच ठरवा. नंतर बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात.

जोडताना स्मार्ट प्लगसारखी थेट विजेवरची उपकरणं आधी घ्या. ती सहसा इतरांचे निरोप पुढे पोचवतात. बॅटरीवरचे सेन्सर ते करत नाहीत. सेन्सर जिथे कायमचा बसणार, तिथेच नेऊन जोडा.

पायरी ४: पहिलं ऑटोमेशन

ऑटोमेशन म्हणजे 'असं झालं की तसं कर' असा आपोआप चालणारा नियम. बोळातला दिवा घ्या. कधी: सेन्सरला हालचाल दिसली की. अट: सूर्य क्षितिजाखाली असताना. काय करायचं: दिवा लावा. दिवा विझवायला दुसरं ऑटोमेशन करा, हालचाल थांबून २ मिनिटं झाली की. आता राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढून पाहा. दिवा लागला, तर सगळं खरोखर घरातच चाललंय.

भिंतीवरच्या बटणाचं काय? ते बंद केलं की स्मार्ट बल्बची वीजच जाते आणि ऑटोमेशन हतबल होतं. बल्बऐवजी बटणामागे स्मार्ट रिले (दूरून चालू-बंद करता येणारा छोटा स्विच) बसवला, तर घरातल्या आजी-आजोबांना काहीच नवीन शिकावं लागत नाही. रिले मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

पायरी ५: बॅकअप आणि बाहेरून वापर

सेटिंग्जमध्ये स्वयंचलित बॅकअप चालू करा. बॅकअपची किल्ली उतरवून दुसरीकडे ठेवा, कारण तिच्याशिवाय तो उघडत नाही. बॅकअपची एक प्रतही पायबाहेर हवी; एसडी कार्डं खराब होतात. बाहेरून वापरायला राउटरचा पोर्ट उघडू नका, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही आत येता येईल असा रस्ता ठेवू नका. वायरगार्डसारखा व्हीपीएन (घराच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग) किंवा होम असिस्टंटची सशुल्क क्लाउड सेवा वापरा. दर महिन्याला नवी आवृत्ती येते. ती घेण्याआधी बॅकअप घ्या आणि जुनं काय बंद पडणार आहे तो भाग वाचा.